कडेवरून खाली

‘कुठे जायचंय तुला यातून?’ व्हीलचेअरसाठी मापं घेणाऱ्या ताईंनी माझ्या लेकीला विचारलं आणि उत्तर मी दिलं. ‘शाळेत.’ ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा लेकीकडे वळल्या, पण तोवर तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या टेपकडे गेलं होतं. बटण दाबलं की पिवळी पट्टी सर्रकन आत पळते, ही गंमत तिला फार आवडली होती. ताईंनी कागदावर ‘शाळा’ लिहिलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि गुडघ्यापासून पाठीपर्यंतचं अंतर मोजायला घेतलं. प्रसंग एवढाच. त्याला आता तीन वर्षं होत आली. त्यानंतर कितीतरी मोठ्या गोष्टी घडून गेल्या, त्यातल्या निम्म्या मी विसरलो. पण रात्री दिवा मालवल्यावर कधीतरी तो प्रश्न आठवतो, त्यामागोमाग माझं ते तत्पर उत्तर आठवतं आणि जीभ चावावीशी वाटते.

तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती आणि माझ्या डाव्या कडेवर राहायची. ‘राहायची’ हा शब्द जाणूनबुजून वापरतोय. अंथरुणातून न्हाणीत, न्हाणीतून खिडकीत, खिडकीतून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर असा तिचा सगळा प्रवास माझ्या कमरेच्या हाडावरून व्हायचा. एक हात माझ्या मानेमागे, दुसरा माझ्या शर्टाच्या खिशात. खिशातलं पेन काढायचं, टोपण उघडायचं, परत लावायचं, हा तिचा वाटेतला उद्योग. त्या काळातल्या माझ्या जवळजवळ प्रत्येक शर्टाच्या खिशाला शाईचा डाग आहे. तिचे ताठर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, म्हणून एक पाय माझ्या पोटाकडे आणि एक पाठीकडे असा फाकवून तिला घ्यावं लागे. (हेही फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं. आमच्याकडे कडेवर घेणं हासुद्धा व्यायाम होता.) ती चौदा किलोची होती तोवर काही जाणवलं नाही. सतराची झाली तेव्हा फोटोंमध्ये माझा एक खांदा खाली उतरलेला दिसायला लागला. सरळ उभा राहिलो तरी मी कुणालातरी घेऊन उभा असल्यासारखा दिसायचो.

कडेवरच्या मुलाला जग मोठ्यांच्या उंचीवरून दिसतं. कुणाला टक्कल पडायला लागलंय, कपाटावर धूळ किती साचलीय, वरच्या फळीवर काय लपवून ठेवलंय, याची तिला बित्तंबातमी असायची. हा तिचा फायदा. माझाही एक फायदा होता, तो मला फार उशिरा कळला. कडेवर होती तोवर ती लोकांच्या लेखी फक्त लहान होती. किंवा दमलेली. किंवा लाडावलेली. ‘एवढी मोठी झाली तरी बाबाच्या कडेवर?’ असं कुणी अनोळखी माणूस हसत म्हणालं, की मीही हसायचो आणि पुढे सरकायचो. त्या हसण्यात मला सुटका वाटायची. हे लिहायला बरं वाटत नाहीये, पण खरं आहे.

लाडावलेली. केवढा सोयीचा शब्द होता तो!

घरात वेड होतं ते चालण्याचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी राहणं) हे दोन शब्द कानावर पडल्या दिवसापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न : चालेल ना? घरात आलेली सगळी साधनं मग त्या एका प्रश्नाला जुंपली गेली. पोटरीपासून तळव्यापर्यंत पाय धरून ठेवणारे प्लास्टिकचे एएफओ आले. त्यांच्या पट्ट्या उघडतानाचा चर्र आवाज ऐकला की ती झोपेतही पाय आखडून घ्यायची. मग स्टँडिंग फ्रेम आली. तिच्यात तिला छाती, कंबर आणि गुडघ्यांपाशी पट्टे लावून रोज उभं करायचं, म्हणजे हाडांवर भार पडतो आणि खुब्याचे सांधे जागेवर राहायला मदत होते. समोरच्या ट्रेवर ती चित्रं रंगवायची आणि मी घड्याळ बघायचो. मग वॉकर आला, तोही उलटा. नेहमीचा वॉकर पुढे असतो, हा मुलाच्या मागे असतो. पुढचा ढकलताना मूल ओणवं होतं, मागचा असला की पाठ ताठ राहते. शिवाय त्याची चाकं मागे घरंगळत नाहीत. पहिल्यांदा ती त्यातून बारा पावलं चालली. सोफ्यापासून दारापर्यंत. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ओठ आत ओढलेला होता आणि आम्ही दोघं दोन बाजूंना श्वास धरून उभे होतो. दारापाशी पोचल्यावर तिनं माझ्याकडे हात पसरले आणि तेरावं पाऊल माझ्या कडेवरून झालं.

व्हीलचेअरचा विषय निघाला तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा म्हणालो, ‘इतक्यात नको. चाकांची सवय लागली तर चालायची राहील.’ माझी आई तर एका वाक्यात म्हणाली, ‘एकदा बसली की बसलीच.’ फिजिओथेरपिस्ट बाईंनी वाद घातला नाही. एक कागद पुढे केला. त्यावर पाच वक्ररेषा होत्या, वयाबरोबर मुलाच्या हालचाली किती वाढतात ते दाखवणाऱ्या. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या ६५७ मुलांची काही वर्षं पुन्हापुन्हा तपासणी करून काढलेल्या या रेषा २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुलांच्या हालचालींचे पाच स्तर मानणारी जीएमएफसीएस ही पद्धत तिथल्याच संशोधकांनी १९९७ मध्ये मांडली होती. त्यातल्या एकेका स्तराची ही एकेक रेषा. आमची तिसऱ्या स्तरावरची : हाताला आधार असेल तर घरात थोडंफार चालेल, लांब जायचं तर चाकं लागतील. प्रत्येक रेषा आधी भराभर चढते आणि मग आडवी पडते. तिसरी रेषा चौथ्या वर्षाच्या आसपासच पठाराला लागलेली. लेक साडेपाचची. ‘ही सरासरी आहे, प्रत्येक मूल काही रेषेवरूनच जात नाही,’ असंही त्या म्हणाल्या. मी पठाराकडे बघत राहिलो.

मग त्यांनी विचारलं, ‘दिवसभरात ती स्वतःची स्वतः किती हलते?’ बारा पावलं, दिवसातून तीनदा. हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. ‘आणि उरलेला दिवस?’

उरलेला दिवस ती जिथे ठेवली तिथे असायची. खरंच, ठेवली तिथे. खेळण्याचा चेंडू पलंगाखाली गेला की चेंडूला हाक मारायची नाही, मला मारायची. दुसऱ्या खोलीत कुणी हसलं की मान वळवून भिंतीकडे बघायची. ‘व्हीलचेअर तिच्या पायांच्या जागी येणार नाहीये,’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्या कडेच्या जागी येणार आहे. चालण्याचा सराव आहे तसाच चालू राहील.’ मला एकदम राग आला. राग कशाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आपल्या जागी कुणीतरी येणार म्हटल्यावर माणसाला येतो तसला असावा.

तरीही मी सरळ वाटेनं गेलो नाहीच. ओळखीतून एक वापरलेली खुर्ची मिळाली. मोठ्या माणसाची, जड, घडी घालायची. मी तिचं सगळं पुसून काढलं, चाकांना तेल दिलं आणि मनात हिशेब केला, वाढत्या अंगाची आहे, चार-पाच वर्षं बघायला नको. फ्रॉक घेताना करतात तोच हिशेब. तिला त्यात बसवलं तर ती खुर्चीच्या एका कोपऱ्यात जाऊन पडली. बैठक इतकी खोल, की पाठ टेकवली तर गुडघे वाकेनात आणि गुडघे वाकवले तर पाठ टेकेना. शेवटी कंबर पुढे घसरून पाठीला बाक आला. हातांच्या टेकूवर कोपरं ठेवायची तर खांदे कानाला लागत होते. चाकांपर्यंत तर हात पोचतच नव्हते. दोन्ही बाजूंना उशा खुपसून मी तिला कशीबशी सरळ केली आणि फोटो काढला. संध्याकाळी कपडे बदलताना एका बाजूच्या कुल्ल्यावर लाल चट्टा दिसला. अर्ध्या तासानं पाहिलं तर तसाच होता. त्या फोटोत ती हसतेय, अगदी समजूतदारपणे. मुलं आपल्यासाठी किती काय काय करतात! तो फोटो मी काढून टाकलेला नाही, पण बघतही नाही. खुर्ची पुढे कुणा मोठ्या माणसाला दिली, तिचा जन्म ज्याच्यासाठी झाला होता अशाला.

तर अशा रीतीनं, विषय पहिल्यांदा निघाल्यापासून दीड वर्ष वाया घालवून, आम्ही टेप हातात घेतलेल्या ताईंसमोर येऊन बसलो होतो.

मापं घ्यायला दोन तास लागले. मला वाटलं होतं उंची-वजन विचारतील आणि ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठी’ यातली एक सांगतील. ताईंनी तिला आधी लाकडी बाकावर पाय खाली सोडून बसवलं आणि स्वतः मागे बसून आपल्या दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. थोडी डावीकडे, थोडी मागे. हात जरा सैल सोडले की लेक एका बाजूला कलायची, पुन्हा धरले की मान आपोआप सरळ व्हायची. ‘बघा, माझे हात जे करतायत ते उद्या खुर्चीनं करायचंय,’ त्या म्हणाल्या. कंबर जाग्यावर आली की पाठ, मान, डोकं आणि हात मागोमाग जाग्यावर येतात. गुडघ्यामागच्या खळगीपासून पाठीपर्यंतचं अंतर मोजून त्यातून तीन ते सहा सेंटीमीटर वजा करायचे, ती बैठकीची खोली. कमी धरली तर मांड्यांना आधार नाही, जास्त धरली तर कंबर घसरते, म्हणजे माझ्या उशांच्या खुर्चीसारखं. पाठीचा आधार खांद्याच्या पात्यांच्या खाली संपवायचा, म्हणजे चाक ढकलताना खांदे मोकळे राहतात. हात सरळ खाली सोडला तर बोटांची टोकं चाकाच्या मध्याशी यायला हवीत. मी एकेक आकडा मुकाट्यानं ऐकत होतो. साडेपाच वर्षं या मुलीला उचलतोय, तिचं अंग मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. तिची उजवी मांडी डावीपेक्षा एक सेंटीमीटरनं आखूड भरते, हे मला त्या दिवशी टेपनं सांगितलं.

त्याच दोन तासांत कधीतरी तो प्रश्न आला. फॉर्मवर त्यासाठी एक ओळ होती, बहुधा सगळ्यांनाच विचारत असतील. मी पटकन उत्तर दिलं कारण मला वाटलं हा प्रश्न मंजुरीसाठी आहे. ‘शाळा’ हे उत्तर वजनदार होतं. शाळेसाठी हवीय म्हटलं तर कोण नाही म्हणेल? अशा कार्यालयांतून फिरून फिरून माझं डोकं अर्जाच्या भाषेत चालायला लागलं होतं. मुलीची प्रत्येक गरज कुणाला तरी पटेल अशी मांडायची. खेळायला हवीय असं लिहायचं नाही, ‘सामाजिक विकासासाठी आवश्यक’ असं लिहायचं. कंटाळा आला की दुसऱ्या खोलीत जायला हवीय, हे तर कुठल्या रकान्यात बसणार?

पुढचे महिने वाट बघण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात खुर्ची देण्याचे आठ टप्पे आहेत : नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैसा आणि मागणी, जुळवणी, बसवून बघणं, शिकवणं आणि शेवटी देखभाल. मी ते बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे चाकाच्या खुर्चीपर्यंत पोचायलाही आठ पायऱ्या!’ आम्ही चौथ्या पायरीवर किती बसलो ते सांगत नाही. एक फोटो पासपोर्टच्या आकाराचा नाही म्हणून परत आला. एका साहेबांना मूल ‘प्रत्यक्ष’ बघायचं होतं, आणि त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती, जिन्यानं. तिला कडेवर घेऊन वर गेलो. धापा टाकत त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही तर छान उचलताय की.’ त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला दोन दिवसांनी सुचलं. अशा वेळी आपलं कुणीच नाही असं वाटायला लागतं, आणि तसं वाटण्यात एक चोरटं सुखही असतं. ते सुख एका अहवालानं घालवलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२२ चा अहवाल सांगतो, की जगात अडीचशे कोटींहून जास्त माणसांना चष्म्यापासून खुर्चीपर्यंत कुठलं ना कुठलं सहायक साधन लागतं, आणि काही गरीब देशांत ते मिळणाऱ्यांचं प्रमाण गरजेच्या तीन टक्क्यांइतकं खाली आहे. म्हणजे ज्या रांगेला मी शिव्या घालत होतो, तिच्यात मी बराच पुढे उभा होतो. तिथून मागे वळून बघितलं तर रांगेचं टोक दिसत नव्हतं.

खुर्ची आली तोवर लेकीची मांडी दीड सेंटीमीटरनं वाढली होती. ताईंनी ते धरूनच ठेवलं होतं. पाठीचा आधार थोडा मागे सरकवता येत होता, पाय टेकायचे पायटेही खाली करता येत होते. नव्या रबराचा वास सगळ्या खोलीत भरला. रंग तिनं निवडला होता, झेंडूसारखा पिवळा, कदाचित त्या टेपमुळे. ताईंनी तिला बसवलं, कमरेचा पट्टा लावला, मग स्वतःचा तळहात उलथा करून तिच्या बैठकीच्या हाडाखाली सरकवला आणि बोटांची टोकं हलवून पाहिली. बोटं वरखाली हलली तर ठीक, नुसती ओढून काढता आली तर सावध, चिमटली तर गादी बदलायची. मग मला म्हणाल्या, ‘तुम्ही बघा.’ मी हात घातला. ते छोटंसं हाड, वर सतरा-अठरा किलोंचा भार, खाली माझी बोटं. इतकी वर्षं माझ्या कमरेच्या हाडावर जे बसत होतं ते हेच, असं मनात आलं. बोटं हलत होती. मी जरा जास्तच वेळ हात तसा ठेवला असणार, कारण लेक म्हणाली, ‘बाबा, गुदगुल्या होतायत.’

त्यानंतर ती गेली. म्हणजे चाकांच्या कड्या धरून जोर लावला, खुर्ची वाकडी वळली, भिंतीला धडकली, मागे आली, पुन्हा धडकली. ताई मध्ये पडल्या नाहीत आणि मलाही दंडाला धरून थांबवलं. चौथ्या खेपेला खुर्ची दारातून बाहेर पडली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच माझ्या मुलीची पाठ लांब जायला लागली. तोवर तिची पाठ मी फक्त अंघोळीच्या वेळी पाहिली होती.

नंतर मी याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. त्यात एक जुना प्रयोग सापडला, मांजराच्या पिल्लांचा. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोघांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला. अंधारात वाढवलेल्या पिल्लांच्या जोड्या रोज काही तास उजेडात एका फिरत्या दांड्याला जोडायच्या. एक पिल्लू आपल्या पायांनी गोल फिरणार, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामुळे आपोआप फिरणार. दोघांना दिसतं ते सारखंच. पुढे तपासल्यावर चालणाऱ्या पिल्लाला खोली-अंतर कळत होतं. टोपलीतल्या पिल्लाला नव्हतं कळत. समोर टेबल आलं तरी ते टेकायला पाय पुढे करत नव्हतं. डोळे धड, पाय धड, तरी बघणं अंगात मुरलेलं नव्हतं. (मोकळं सोडल्यावर दोन दिवसांत तीही पिल्लं सावरली, हे वाचलं तेव्हा कुठे मी मोबाइल खाली ठेवला.) मांजराच्या पिल्लावरून मुलाबद्दल थेट काही ठरवता येत नाही, हे मला कळतं. पण रात्री एक वाजता कळून उपयोग नसतो. मी माझ्या खिशाजवळचे शाईचे डाग आठवत होतो. इतकं जग दाखवलं तिला, इतकं फिरवलं, आणि टोपली मीच होतो.

सोळाव्या शतकातलीही चाकं लावलेल्या खुर्च्यांची चित्रं आहेत, पण त्या खुर्च्या ढकलायला मागे माणूस लागायचा. १६५५ च्या सुमाराला न्यूरेम्बर्गजवळच्या श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीनं स्वतःसाठी तीन चाकांची खुर्ची बनवली, हातांनी दांडा फिरवून चालणारी. त्याचे पाय चालत नव्हते. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. घड्याळजी असल्यामुळे एक दात दुसऱ्या दाताला कसा ढकलतो हे त्याला ठाऊक असणार, त्याचं नवल नाही. मला कुतूहल आहे ते त्याच्या घरच्यांचं. त्याला इकडून तिकडे नेणारं कुणीतरी असेलच ना? भाऊ, बाप, शेजारी? तो पहिल्यांदा दांडा फिरवत रस्त्याला लागला तेव्हा त्या माणसानं रिकाम्या हातांचं काय केलं असेल?

माझ्या हातांचं मी काय केलं ते सांगतो. ते सारखे खुर्चीच्या मुठींकडे जायचे. ती रमतगमत चाललेली असायची आणि मी हळूच मागून ढकलायचो. ‘सोड,’ असं ती मागे न बघता म्हणायची. तिला कसं कळायचं कुणास ठाऊक. बहुतेक कड्या हाताखालून आपोआप पळायला लागत असतील. पहिल्या आठवड्यात तिच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आले. मी हातमोजे आणले, तर ते घातल्यावर कडी घसरते म्हणून तिनं काढून टाकले. घराच्या चौकटींवर हबच्या उंचीवर पिवळे ओरखडे उमटले. आईनं (‘बसली की बसलीच’वाल्या) ते पुसायला कपडा घेतला आणि मग नुसतीच बघत राहिली, परत ठेवून दिला.

सगळं सुखाचं झालं असंही नाही. ती खाली आली होती. माझ्या खांद्यापाशी असलेले डोळे आता माझ्या कमरेपाशी आले. ‘बाबा, इथून सगळ्यांची पोटंच दिसतात,’ ती पहिल्याच दिवशी गर्दीत म्हणाली. टेबलांच्या खालच्या बाजू, कुलपांची भोकं, लोकांच्या हातातल्या पिशव्यांची बुडं, असं वेगळंच जग तिच्या वाट्याला आलं. बरोबरीच्या मुलांचे चेहरे मात्र समोर आले, तोंडाला तोंड. आणि मोठी माणसं? ती आता तिच्या डोक्यावर हात फिरवायला लागली. अनोळखी बायका थांबून मला विचारायच्या, ‘काय झालं हिला?’ तिच्या समोर, तिच्या डोक्यावरून. कडेवर असताना कुणी विचारलं नव्हतं. लपायला आता जागा नव्हती, मला म्हणतोय मी. एकदा अशाच एका बाईंना मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लेक म्हणाली, ‘काही नाही झालं. ही माझी गाडी आहे.’

खुर्ची आल्यानंतर दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी ती घरात सापडेना. हाक मारली, ओ नाही. पुढच्या खोलीत नाही, खिडकीपाशी नाही, मागे नाही. जिन्याकडचं दार अर्धवट उघडं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चपला न घालता जिन्यापर्यंत जाऊन खाली बघून आलो. ती होती आमच्या झोपायच्या खोलीच्या दारामागे. दार आणि भिंत यांच्यामधल्या तिकोनी अंधारात खुर्ची उलटी घातलेली, दोन्ही ब्रेक लावलेले, तोंडावर हात. घरात भावंडं आली की लपाछपी व्हायची, तेव्हा तिला घेऊन मीच पडद्यामागे उभा राहायचो. पडद्याखालून माझी पावलं दिसायची आणि पहिला गडी नेहमी आमचाच बाद व्हायचा. म्हणून मी म्हटलं, ‘राज्य कुणावर आहे?’ घरात तर आम्ही दोघंच होतो.

‘कुणावरच नाही,’ ती म्हणाली. ‘मी नुसती लपले होते.’

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्याच्या विसाव्या कलमात वैयक्तिक हालचालींबद्दल लिहिलंय, की त्या व्यक्तीला हव्या त्या रीतीनं आणि हव्या त्या वेळी. अर्ज भरताना मी हे कलम दोनदा उतरवून काढलं होतं, दोन्ही वेळा ‘शाळा’ या शब्दाच्या शेजारी. दारामागच्या अंधारात उकिडवा बसलो तेव्हा ते आठवलं. हव्या त्या वेळी. सहा वर्षांच्या आयुष्यात ती माणसांच्या नजरेआड अशी कधी गेलीच नव्हती. झोपेतसुद्धा कुणी ना कुणी कूस बदलून द्यायला शेजारी असायचं. त्या रात्री मी तिला विचारलं, ‘त्या मापं घेणाऱ्या ताईंनी तुला विचारलं होतं, कुठे जायचंय म्हणून. तू काय सांगणार होतीस?’ तिनं खरंच आठवून पाहिलं. ‘कुठल्या ताई?’ म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता ती साडेआठ वर्षांची आहे. वॉकरमधून ती आता चौतीस पावलं टाकते, आम्ही मोजणं मात्र जवळजवळ सोडलंय. पिवळ्या खुर्चीची सगळी सरकवासरकवी करून झाली. पायटे शेवटच्या भोकापर्यंत उतरले, पुढच्या छोट्या चाकांचे बेअरिंग दोनदा बदलले आणि तरी गुडघे वर यायला लागले. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच ताईंकडे गेलो. त्यांचे केस थोडे पिकलेत. टेप तोच. लाकडी बाकही तोच, फक्त लेकीचे पाय आता जमिनीच्या बरेच जवळ आले होते. ताईंनी तिची कंबर धरली, मग कानामागची पेन्सिल काढून नवा कागद घेतला आणि विचारलं, ‘हं, आता यातून कुठे कुठे जायचंय तुला?’

मी तोंड मिटून घेतलं. अक्षरशः, ओठ दातांत धरून. शांतता इतकी लांबली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. लेकीनं ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ताईंकडे.

‘बाबा, तू बाहेर थांब ना जरा.’

मी बाहेर आलो. पॅसेजमध्ये लोखंडी बाक होता, त्यावर एक माणूस झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली. तो सरकला, मी टेकलो. त्याच्या शर्टाची एक बाजू चुरगळलेली होती. दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून टेप सर्रकन आत गेल्याचा आवाज आला, मग पुन्हा बाहेर ओढल्याचा. लेक काहीतरी बोलत होती, हळू, भराभर, मध्येच थांबून. ताई हसल्या. त्यानंतरचे शब्द जरा कान दिला असता तर कळले असते.

मी उठलो आणि दार ओढून घेतलं.